पावतीवरचं साल

बडोद्याच्या दांडिया बाजारात माझं चकली-चिवड्याचं छोटं दुकान आहे. मी आणि मदतीला दोन बायका. जानेवारी 2024 मध्ये, संक्रांतीच्या तिळगुळाची गडबड चालू असताना, तो माणूस पहिल्यांदा आला. बोलणं स्वच्छ मराठी. इथे अनोळखी माणसाने दारातून "ताई, दोन मिनिटं आहेत का?" असं विचारलं की आपलं माणूस आल्यासारखं वाटतं. मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

3 नोव्हेंबर 2023 च्या रात्री नेपाळमध्ये जाजरकोट आणि पश्चिम रुकुम भागात भूकंप झाला होता. दीडशेहून जास्त माणसं गेली, त्यांत मुलं खूप. ती बातमी मी वाचली होती. त्याने तिथल्या बालगृहाचे फोटो आणि नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवलं. नेपाळी देवनागरीतच लिहितात, त्यामुळे 'दर्ता' (म्हणजे नोंदणी), 'बालगृह' हे शब्द मला वाचता आले. वाचता आलं म्हणजे तपासून झालं, असं मी धरून चालले.

विकलेल्या पाकिटामागे 10 रुपये त्या बालगृहासाठी द्यायचे ठरले. प्रत्येक पाकिटावर एका मुलीच्या फोटोचं स्टिकर लावलं. गिऱ्हाइकं फोटो बघून एकाऐवजी दोन पाकिटं नेत. एक निवृत्त शिक्षिका सुटे पैसे परत घेतच नसत, म्हणत, "राहू दे, तिच्या वहीला होतील." ते आठवलं की आजही पोटात तुटतं. 18 महिन्यांत 57,300 रुपये गेले. पाठवले मी, पण होते ते या लोकांचे.

पैसे यूपीआयने जायचे. फोनवर दर वेळी संस्थेचं नव्हे, एका माणसाचं नाव दिसायचं. मी एकदा विचारलं. "नेपाळला थेट पाठवणं फार किचकट आहे ताई, मी सगळ्यांचे एकत्र करून पाठवतो." हे खोटं होतं. आपल्या बँकेतून एनईएफटीने नेपाळला पैसे पाठवायची सोय 2008 पासून आहे. मी बँकेत जाऊन विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. पण पोरक्या मुलांसाठी धडपडणाऱ्या माणसावर संशय घ्यायची मला लाज वाटली, आणि त्याला नेमकं तेच हवं होतं.

जून 2025 मध्ये आयकर रिटर्नसाठी त्याने दिलेल्या सगळ्या पावत्या सीएंकडे नेल्या. प्रत्येकीवर '80जी खाली करसवलत' छापलेलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. 80जी हे आयकर कायद्यातलं देणगीवरच्या सवलतीचं कलम; ती सवलत भारतात मान्यता मिळालेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवरच मिळायची, नेपाळची संस्था ती देऊच शकत नव्हती. शिवाय खरी 80जीची संस्था तेव्हा देणगीदाराला 31 मेपर्यंत फॉर्म 10बीई, म्हणजे देणगीचं प्रमाणपत्र, द्यायची. मला एकही आला नव्हता.

तरी माझं मन मानेना. आमच्या सोसायटीचा चौकीदार नेपाळचा, त्याला एक पावती दाखवली. ती जून 2024 ची होती आणि वर लिहिलं होतं 'जेठ 2080'. तो लगेच म्हणाला, "दीदी, तेव्हा आमचं 2081 चालू होतं." नेपाळचं विक्रम संवत एप्रिलच्या मध्यात बदलतं, गुजरातचं दिवाळीनंतरच्या पाडव्याला. पावती बनवणाऱ्याने साल इथल्याच पंचांगातून उचललं होतं. त्या रात्री मुलीचा फोटो मोबाइलवर शोधला. तो 2015 च्या भूकंपाच्या एका बातमीतला निघाला.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पण तो क्रमांक पैसे गेल्या-गेल्या फिरवला तरच खातं गोठवायला उपयोगी पडतो. माझे शेवटचे पैसे जाऊनही तीन आठवडे झाले होते आणि खातं रिकामं होतं. त्याचा नंबर आता लागत नाही.

तुमच्याकडे असं कुणी आलं तर पैसे संस्थेच्या नावाच्या खात्यातच द्या. नेपाळात परदेशी मदत घेणाऱ्या संस्थेला काठमांडूच्या समाज कल्याण परिषदेची मान्यता लागते; तिथे विचारा. भारतातल्या संस्थेचं नाव नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर आणि देणगीवरच्या करसवलतीची मान्यता आयकर खात्याच्या साइटवर बघा. विचारल्यावर खरा माणूस रागावत नाही.

उरलेली स्टिकरं मी काढून टाकली. दुकानात सगळी हकीकत लिहून लावली आहे आणि गल्ल्याशेजारी एक वही ठेवली आहे. ज्यांना आपले पैसे परत हवेत त्यांनी नाव लिहावं, मी देईन. आतापर्यंत चार जणींनी लिहिलं. त्या शिक्षिकाबाई नोटीस पूर्ण वाचून काही न बोलता चिवडा घेऊन गेल्या. सुटे मी त्यांच्या हातावर ठेवले, या वेळी त्यांनी ते घेतले.