बी-12च्या गोळ्यांचा अनुभव, आणि विडी ओढणाऱ्यांनी त्या मनानं का घेऊ नयेत

मी लातूर जिल्ह्यातला, घर माळकरी. अंडंसुद्धा घरात येत नाही. त्यात शुगरसाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू. बी-12 कमी पडायला एवढं पुरतं. ज्वारीत, डाळीत, पालेभाजीत हे व्हिटॅमिन नसतंच, शाकाहारी माणसाला ते दूध-दही-ताकातून मिळतं आणि मेटफॉर्मिननं त्याचंही शोषण कमी होतं. चप्पल पायातून निसटलेली कळेनाशी झाली तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. बी-12 निघालं 142. आमच्या लॅबच्या कागदावर 200च्या खाली म्हणजे कमी.

आधी सुया, मग मिथाइलकोबालामिन (बी-12चंच एक रूप) 1500 मायक्रोग्रॅमची रोज एक गोळी. पावसाळ्यात सुरू केली, आता ज्वारी काढणीला आली. सगळ्यात आधी जीभ सुधारली. सोलवटल्यासारखी लाल व्हायची, ठेचा तोंडात धरवत नव्हता, ते थांबलं. मग थकवा गेला. तळपायांना मात्र वेळ लागला. दिवाळीच्या सुमारास वावरातून अनवाणी चालताना ढेकळं टोचायला लागली आणि मला इतकं बरं वाटलं की बांधापर्यंत तसाच चालत गेलो. उजव्या पायाच्या बोटांत मुंग्या अजून येतात. नस जुनी दुखावली असेल तर पूर्ण भरून येईलच असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पोटाला काही त्रास नाही. जेनेरिक घेतो, औषध तेच आणि पैसे कमी.

रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, मग गोळी 1500ची कशाला? जठरात बी-12 वाहून नेणारं एक प्रथिन असतं, ते एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच नेतं. वरच्यातलं शेकडा एकाच्या आसपास आपोआप झिरपतं. म्हणून डोस मोठा ठेवतात.

आता कॅन्सरचं. ‘बी-12 खाल्लं की कॅन्सर होतो’ असा मेसेज आमच्याकडे फिरला आणि दोन-चार जणांनी चालू गोळ्या बंद केल्या. हे फार वाईट झालं. मूळ गोष्ट अशी : अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या 77 हजार लोकांचा अभ्यास 2017 साली छापून आला. ज्या पुरुषांनी बी-12 किंवा बी-6 (त्याच गटातलं दुसरं व्हिटॅमिन) वेगळ्या गोळ्यांतून घेतलं, त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर 30 ते 40 टक्के जास्त दिसला, आणि 10 वर्षांच्या सरासरीनं रोज 55 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त बी-12 किंवा 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त बी-6 घेणाऱ्या पुरुषांत जवळपास दुप्पट. बायकांमध्ये तसं दिसलं नाही. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत मात्र बी-6 जास्त घेणाऱ्यांना धोका जवळपास तिप्पट आणि बी-12 जास्त घेणाऱ्यांना पावणेचार पट निघाला. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, गोळीनंच कॅन्सर झाला असं त्यानं सिद्ध होत नाही. पण नॉर्वेत हृदयरोग्यांना फॉलिक ॲसिड (डाळी-पालेभाजीतल्या फोलेट या व्हिटॅमिनचं गोळीतलं रूप) आणि बी-12 देऊन केलेल्या चाचण्यांतही, 2009 साली, कॅन्सर थोडा जास्त आढळला : 10 टक्के, आणि न घेणाऱ्यांत 8.4. त्यातही वाढ मुख्यतः फुप्फुसाच्या कॅन्सरची. उलट फॉलिक ॲसिडच्या 13 चाचण्यांतल्या जवळपास 50 हजार लोकांची माहिती 2013 मध्ये एकत्र पाहिली, तेव्हा ठळक फरक दिसला नाही.

असं का व्हावं? पेशीला नवा डीएनए बांधायला फोलेट आणि बी-12 लागतं. कमी पडलं तर डीएनए बिघडतो, म्हणजे कमतरताही धोक्याचीच. पण युरिया पिकाला लागतो तसा तणालाही लागतो. बिघडलेली पेशी आधीच अंगात असेल तर तिलाही हेच हवं असतं. आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं फोलेटला अडवणारं ॲमिनोप्टेरिन तयार केलं आणि बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ते रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना दिलं. काही काळ का होईना, मुलं सुधारली. ते 1948 साली छापून आलं. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे.

ताटातल्या फोलेटला मात्र घाबरू नका. हरभऱ्याचा घोळाणा, डाळी, येळवशीची (वेळ अमावस्येची) भज्जी पोटभर खा. प्रश्न आहे तो वर्षानुवर्षं तपासणीशिवाय चालणाऱ्या मोठ्या डोसांचा. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. बी-12च्या नावानं घेतलेल्या पाकिटात कधीकधी बी-6ही असतं, आणि ते फार काळ फार घेतलं तर उलट नसाच बधिर होतात.

आमचे तात्या, माझे चुलते, गेली 40 वर्षं विडी ओढतात. माझी चाल सुधारलेली बघून म्हणाले, “मला बी आण की एक पाकीट, अंगात जरा तरतरी यील.” मी म्हणालो, “तात्या, आधी रक्त तपासू, मग बघू.” रागावले, पण आले. बी-12 व्यवस्थित निघालं. गोळ्या आणल्या नाहीत. कमी निघालं असतं तर डॉक्टरांना विचारून आणल्याच असत्या, कारण विडी ओढणाऱ्याची कमतरताही भरून काढावीच लागते.

माझा डोस आता डॉक्टर आठवड्याला एकावर आणणार आहेत. मेटफॉर्मिन चालू आहे तोवर दरवर्षी रक्त तपासायचं. तात्यांसाठी मी तंबाखू सोडवणाऱ्या सरकारी हेल्पलाइनला, 1800-11-2356 वर, फोन लावून दिला. मोफत आहे. पहिल्यांदा बोललेत, पुढच्या आठवड्यात परत लावायचा आहे.