ऑइलचं टेंपरेचर मोजाचं तर कायनं? गन, डायल, ड्रेन बोल्टचा सेन्सर का मीटरची तार

मामाचा पोरगा नवतप्यात घरी आला, हातात लेझरवाली, टेंपरेचर मोजाची नवी गन. माझ्या स्प्लेंडरच्या इंजनवर मारली अन् म्हणते, दादा तुई गाडी तर थंडीगार आहे, ६१ डिग्री. मी तेव्हाच परतवाड्यावरून दोन कॅन लादून आलो होतो, इंजनजवळ पाय ठेववत नव्हता. डिपस्टिक (ऑइलची लेव्हल पाहाची दांडी) काढून मल्टिमीटरची टेंपरेचर मोजाची तार आत सोडली तर ९८. गाडी तीच, वेळ तीच, अन् फरक ३७ डिग्रीचा. त्याले आपल्या जुन्या बुलेटसाठी काय घ्यावं हे ठरवाचं आहे, म्हणून चारही प्रकार वापरून जे समजलं ते लिहून रायलो.

गनपासून सुरू करतो कारण सगळे पहिले तेच घेतात. हजाराच्या आतबाहेर भेटते, ट्रिगर दाबला की आकडा, दिसाले भारी. पण राजेहो, तो लाल ठिपका काही मोजत नाई, तो फक्त नेम धराले आहे. गन मोजते ते समोरच्या पृष्ठभागातून निघणारी उष्णतेची किरणं, अन् स्वस्तातल्या गना ०.९५ इमिसिव्हिटी (पृष्ठभाग स्वतःची उष्णता किती बाहेर फेकते त्याचा आकडा, जास्तीत जास्त १) धरूनच बनवल्या असतात, म्हणजे समोरचा भाग जवळपास काळा, बिनचमकीचा आहे असं समजून. आपलं इंजन केसिंग अल्युमिनियमचं, पॉलिश केलेलं असन तर त्याची इमिसिव्हिटी ०.१ च्या आसपास, बाकी सगळं ते आरशासारखं आजूबाजूचंच परत फेकते. म्हणून ६१. मी केसिंगवर काळ्या पेंटचा रुपयाएवढा ठिपका मारला, वाळू दिला, गाडी परत तापवली अन् त्याच्यावर मारली तर ८९ आलं. पण ते बी केसिंगचं बाह्यरचं टेंपरेचर, ऑइलचं नाई. अजून एक, १२:१ लिहिलेली गन एक फुटावरून एक इंचाचा गोल वाचते, त्याच्यात सायलेन्सरचा पाइप आला की झालं कल्याण. गन कायले चांगली तर कोणतं बेरिंग जास्त तापून रायलं, ब्रेक ड्रम धरून चालून रायला का, मोटरपंप गरम होते का, हे पाहाले. त्या कामाले माझ्याकडे आहेच, ऑइलसाठी नका घेऊ.

डायलवाली डिपस्टिक बुलेटवाल्यांची आवडती. डिपस्टिकच्या जागी बसते, वर घड्याळासारखी चकती, आत दोन धातूंची पट्टी तापली की पिळते अन् काटा फिरते. बॅटरी नाई, वायर नाई, बिघडाले काही नाई. दिसाले बी झकास, हे कबूल. भानगड अशी की काटा पाहाले गाडी थांबवून वाकावं लागते, अन् दांडी आपल्याच गाडीच्या मापाची पायजे. आखूड असली तर टोक ऑइलच्या वरच्या वाफेत राह्यते अन् आकडा कायच्या कायी, लांब असली तर आत फिरणाऱ्या पार्टले लागाची भीती. घ्याच्या आधी जुनी डिपस्टिक बाजूले ठेवून लांबी अन् आटे दोन्ही जुळवा.

ड्रेन बोल्टचा सेन्सर हा चालत्या गाडीत हँडलवर आकडा दाखवणारा मामला. जुना ड्रेन बोल्ट, म्हणजे ऑइल खाली सोडाचा इंजनच्या बुडाचा बोल्ट, काढाचा, त्या जागी सेन्सरवाला बोल्ट, वायर वर मीटरपर्यंत. ऑइलच्या अगदी बुडाशी मोजते म्हणून आकडा खरा, पण हे बी समजून घ्या की बुडाचं ऑइल सगळ्यात थंड, इंजनच्या वरच्या भागातून, हेडवरून खाली पडणारं त्याच्याहून बरंच गरम असते. हिरो होंडा घराण्यातल्या लय गाड्यांचा बोल्ट १२ एमएमचा, १.५ पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर), पण अंदाजानं मागवू नका, आपला बोल्ट खिशात घालून दुकानात जा. माझ्या चुलतभावानं दुसऱ्याच पिचचा सेन्सर पान्यानं रेटून आवळला, केसिंगचे आटे गेले, मग मिस्त्रीकडे इंजन उतरवून वेल्डिंग. सेन्सरची तार एकच असन तर अर्थिंग बोल्टच्या आट्यातूनच भेटते, तिथं टेफ्लॉन टेप गुंडाळला की अर्थिंग कच्ची. हे सेन्सर बहुतेक एनटीसी, गरम झाले की रेझिस्टन्स कमी होते, म्हणून कच्च्या अर्थिंगचा जास्तीचा रेझिस्टन्स मीटरले थंड वाटते. गाडी उकळून रायली अन् मीटर म्हणते ८०, याच्याहून वाईट काय. नवा वॉशर टाका, टेप नको. अन् आपल्याकडच्या पांदण रस्त्यात तो बोल्ट खाली लोंबते, एक धोंडा लागला की ऑइल रस्त्यावर. खाली गार्ड नसन तर वावरात जाणाऱ्यानं याच्या नादी लागू नये असं माझं मत.

आता माझी आवडती, मल्टिमीटर अन् के टाइप थर्मोकपलची बारीक तार, म्हणजे टोकाले जोडलेल्या दोन वेगळ्या धातूंच्या तारा. टेंपरेचरवाला मीटर हजारभरात भेटते, तार सोबतच येते. तारेची हद्द पाकिटावर पाहून घ्या, आपल्याले १५०-१६० च्या वर काम नाई. गाडी अर्धा तास पळवून बंद कराची, सरळ उभी कराची, डिपस्टिक काढाची, तार आत सोडाची. टोक ऑइलमध्ये पायजे पण बुडाच्या धातूले टेकू नये, म्हणून तारेवर डिपस्टिकच्या मापानं दोरा बांधून ठेवला आहे. अर्ध्या मिनिटात आकडा थांबते. तार आत असताना किक मारू नका, गिअरमध्ये गुंतली तर सगळं खोलावं लागन. पहिल्या दिवशी मी पिन उलटी खोचली होती, ऑइल गरम अन् आकडा खाली खाली जाऊन रायला, मले वाटलं मीटर मेला. तार पुरत नाई म्हणून घरची साधी तांब्याची वायर जोडू नका, जोड जिथं तापते तिथूनच चूक सुरू होते, लांब के टाइप तारच घ्या. मीटर बी तापलेल्या टाकीवर ठेवू नका, सावलीत ठेवा, कारण तो स्वतःच्या अंगचं टेंपरेचर धरूनच हिशेब करते.

चालत्या गाडीत पाह्याचं असन तर जुन्या डिपस्टिकले मधून भोक पाडून तार त्यातून ओवाची अन् उष्णता सोसणाऱ्या इपॉक्सीनं पक्की कराची. माझी अशीच आहे, मीटर टाकीवरच्या कापडी पिशवीत. दोघं बसून चिखलदऱ्याचा घाट चढलो तेव्हा सेकंड गिअरात ११८ पर्यंत गेलं, उतरताना गिअरातच सोडली तर ९२ वर आलं. ९० ते ११० ले मी काही म्हणत नाई, १२० दिसलं की चहाले थांबतो, १३० दिसलं तर झाडाखाली अर्धा तास अन् मग लेव्हल पाह्यतो. हिवाळ्यात उलटं, डेअरीपर्यंत दोनच किलोमीटर जाण्यायेण्यानं ऑइल नीट तापतच नाई, आतलं पाणी उडत नाई अन् डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखा फेस दिसते. ऑइल तापलं नाई हे बी मोजल्याशिवाय समजत नाई.

चुंबकानं चिकटणारे थर्मामीटर भेटतात, ते विसरा, अल्युमिनियमले चुंबक लागतच नाई. स्पार्क प्लगखाली वॉशरसारखा बसणारा सेन्सर हेडचं टेंपरेचर सांगते, ऑइलचं नाई. बीएस सिक्स एफआय (कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनवाली) गाडी असन तर बऱ्याच एअर कूल्ड गाड्यांत कंपनीचाच ऑइल टेंपरेचर सेन्सर असते, स्कॅनर लावला की आकडा समोर, खर्च कराच्या आधी मिस्त्रीले तेवढं विचारा.

काही बी घेतलं तरी आधी चुलीवर पाणी उकळून त्याच्यात बुडवून पाह्या. टोक भांड्याले लावू नका, पाणी खळखळू द्या. १०० यायची वाट नका पाहू, उंचीवर दर ३०० मीटरले साधारण एक डिग्री कमी होते, आपल्या इकडे ९९ च्या आसपास अन् वर चिखलदऱ्यात ९६ ले उकळते.

पोरानं शेवटी डायलच घेतला, बुलेटवर शोभते म्हणे. चुलीवर ठेवला तर ९२ दाखवून रायला, माझा मीटर ९९. परत नाई केला त्यानं, चकतीच्या काचेवर मार्करनं +७ लिहून फिरून रायला.