गॅलरीत वेल चढवायचाय? नायलॉनची जाळी, सुतळी की लोखंडी जाळी

जून जवळ आला की मैत्रिणी विचारायला लागतात, कारलं लावतेय, कुठली जाळी आणू? माझं म्हणणं, आधी वेल बघा मग जाळी. कारलं, दोडका, काकडी यांना ताणे फुटतात, स्प्रिंगसारखे हिरवे दोरे, आणि ते बारीक वस्तूलाच धरतात. मी पहिल्या वर्षी कुंडीत चांगला जाडजूड बांबू रोवला होता, कारल्याचे ताणे बिचारे त्याच्या आजूबाजूला चाचपडत राहिले आणि शेवटी शेजारच्या तुळशीच्या काडीला जाऊन चिकटले. गोकर्ण, वाल, गुळवेल यांचं तसं नाही, त्यांचं खोडच पीळ घालत चढतं, त्यांना बांबू मस्त चालतो.

आता जाळी. नायलॉनची स्वस्त, हलकी, तासाभरात ग्रिलला बांधून होते आणि पावसात कुजत नाही. फक्त भोकं 4 ते 6 इंचांची घ्या, हात आरपार गेला पाहिजे, नाहीतर दोडका भोकात अडकतो आणि तिथेच आवळून वाढतो. कबुतरांसाठी लावतात ती बारीक जाळी तर नकोच. उन्हाने एक-दोन सीझनमध्ये नायलॉन कडक होऊन तुटायला लागतं, आणि खरा वैताग शेवटी येतो, वाळलेला वेल त्यातून सोडवताना अख्खी दुपार जाते, कारण नायलॉन कंपोस्टमध्ये टाकता येत नाही.

सुतळीचं उलट. वर एक आडवा दोर, त्यावरून कुंडीपर्यंत उभ्या सुतळ्या, सीझन संपला की वेल सुतळीसकट कापून कंपोस्टमध्ये. मला मनापासून आवडते ही पद्धत, पण तागाची सुतळी सतत भिजली की कुजते हे मी मागच्या ऑगस्टमध्ये शिकले. सात-आठ दोडके लटकलेला वेल एका रात्रीत खाली, सकाळी बघते तर खोड बुडाशीच पिचलेलं, पानं अजून हिरवीगार. फार वाईट वाटलं. तेव्हापासून पावसाळ्यात काथ्याचा दोर वापरते, तो जास्त टिकतो, आणि वरचा आडवा दोर मात्र नायलॉनचाच, कारण सगळं वजन त्याच्यावर येतं.

लोखंडी जाळी, म्हणजे तारा वेल्डिंगने जोडलेली वेल्डमेश, महाग, भिंतीत ड्रिल करावं लागतं, त्यामुळे भाड्याच्या घरात आणि एका सीझनच्या भाजीसाठी घेऊ नका. पण मधुमालती लावणार असाल तर हीच घ्या, तो वेल वर्षानुवर्षं जाड होत जातो, दोर त्याला पुरत नाही. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली घ्या, भिंतीपासून 3-4 इंच सोडून बसवा म्हणजे मागून हवा खेळते आणि छाटणीला हात जातो. ग्रिलच्या बाहेर लटकवू नका, पानांनी भरलेली जाळी वाऱ्यात शिडासारखी फुगते आणि खाली माणसं चालत असतात.

पहिल्यांदाच करताय तर काथ्या आणि एक कारलं, 20 लिटरच्या ग्रोबॅगमध्ये. गॅलरीत 5-6 तास ऊन येत नसेल तर कारल्याच्या नादी लागू नका, गुळवेल लावा.