हिल्लेल की शम्माय?
दोघं साधारण 2000 वर्षांपूर्वीचे जेरुसलेममधले ज्यू धर्मपंडित, दोघांच्याही नावाने शिष्यांची घराणी चालली आणि ज्यूंच्या तोंडी कायद्यातले कितीतरी वाद याच दोन घराण्यांतले. फेमस किस्सा म्हणजे ज्यू नसलेला एक माणूस शम्मायकडे गेला, म्हणाला मी एका पायावर उभा आहे तेवढ्यात अख्खा तोरा (ज्यूंचा धर्मग्रंथ) शिकव, शम्मायने हातातल्या मोजपट्टीने ढकलून हाकलला, मग तो हिल्लेलकडे गेला तर तो म्हणाला, तुला जे नकोसं वाटतं ते दुसऱ्याला करू नकोस, बाकी सगळा त्याचाच अर्थ, जा आता शीक. मला ते 'जा शीक' फार आवडतं.

पण शम्मायला नुसता तापट म्हणणं चूक वाटतं, प्रत्येकाचं हसतमुखाने स्वागत करा हे वचनही त्याचंच.

हनुक्का म्हणजे ज्यूंचा आठ दिवसांचा दिव्यांचा सण, त्याचे दिवे शम्मायवाले आठपासून कमी करत नेणार, हिल्लेलवाले एकापासून वाढवत. आज घरोघरी वाढवतच लावतात. ज्यू कायद्यावरच्या चर्चांचा ग्रंथ तालमूद म्हणतो दोन्ही मतं देवाचेच शब्द, पण आचरण हिल्लेलचं, कारण त्याचे शिष्य नम्र होते आणि समोरच्याचं मत आपल्या आधी सांगायचे. नंतर साधारण इ.स. 200 मध्ये मिश्ना, म्हणजे त्या तोंडी कायद्याचं संकलन, तयार झाली तेव्हा हरलेली मतंसुद्धा त्यात ठेवली.