रिकाम्या पोल्ट्री शेडसाठी कुणी साप घेऊन आलं तर

खानापूर, बेळगाव, हुक्केरी, निपाणीकडे ज्यांच्या घरामागे पोल्ट्रीची शेड रिकामी पडली आहे, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितोय. माझ्या धाकट्या भावाकडे आलेला माणूस शेड बघूनच आला होता. आपल्याच भाषेत, गोड बोलणारा. "आण्णा, कोंबडीत आता काय राहिलं नाही बघा. नागाचं विष एक ग्रॅम कितीला जातंय ठाऊक हाय काय?" असं म्हणत मोबाइलवर लाखांचे आकडे दाखवायचा.

योजना अशी होती. शेतकऱ्यानं २ लाख ४० हजार अनामत भरायची. कंपनी साप देणार, विष काढायला माणूस पाठवणार आणि ठरलेल्या भावानं विष उचलणार. स्टँपपेपरवर करार, आणि सोबत 'सरकारी लायसन'. ते लायसन कन्नडमध्ये होतं. आमच्या घरात सगळे मराठी शाळेत शिकलेले. बाजारात, एसटीत बोलण्यापुरतं कन्नड येतं, कचेरीचा कागद मात्र वाचता येत नाही. त्यानं ओळीवर बोट ठेवून सांगितलं, "हे बघा, सर्पविष उत्पादन परवाना." खाली शिक्का, सही सगळं होतं. पुढे वकिलांनी तोच कागद वाचला, तेव्हा तो शोभेचे मासे विकायच्या दुकानाचा परवाना निघाला, तोही भलत्याच माणसाच्या नावाचा. आपली ही अडचण त्याला पुरती ठाऊक होती आणि तिच्यावरच त्यानं धंदा उभा केला, याचा मला अजून संताप येतो.

पैसे भरल्यावर एका रात्री गाडी आली. बरण्यांत दोन नाग आणि झाकणाला भोकं पाडलेल्या बादलीत एक घोणस. कुकरची शिट्टी व्हावी तशी ती फुत्कारत होती. घरात लहान पोरं. भावजय त्याच रात्री पोरांना घेऊन आमच्याकडे आली. विष काढणारा माणूस कधी आलाच नाही. ट्रेनिंगची फी, वाहतुकीचा पास असं म्हणत आणखी ८० हजार मात्र गेले. साप चावला तर काय, असं भावानं विचारलं, तर म्हणे ओळखीच्या डॉक्टरकडे गुपचूप उपचार करून घ्यायचे. कर्नाटकात फेब्रुवारी २०२४ पासून सर्पदंशाचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं दवाखान्यांना बंधनकारक आहे, हे तो सांगणार कशाला?

विषाचा कायदेशीर व्यवहार असतो, तो असा नसतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे साप धरून विष काढायला आणि विकायला परवाना लागतो. तमिळनाडूत इरुला आदिवासींची सहकारी संस्था १९७८ पासून हे काम करते. साप पकडून, विष काढून पुन्हा सोडून देतात आणि ते विष प्रतिविष, म्हणजे सर्पदंशावरचं औषध, बनवणाऱ्यांकडे जातं. घरामागच्या शेडमध्ये बरण्यांत नाग ठेवायचा परवाना एजंटाकडून विकत मिळत नाही.

भावानं पैसे परत मागितले, तेव्हा त्या माणसानं जे सुचवलं ते सगळ्यात भयंकर होतं. "तुम्ही दुसरे दोन शेतकरी बघा, साप त्यांना द्या, त्यांची अनामत तुम्ही घ्या, आम्हाला कमिशन द्या." बुडालेल्या माणसाला हे पटतं. भावानं नाही म्हटलं म्हणून आज तो निदान फसलेला माणूस आहे. एक बरणी जरी पुढे सरकवली असती, तरी तो स्वतः विक्रेता झाला असता. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, नाग आणि घोणस वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, आहेत. त्यांची विक्री केली तर किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, वर किमान २५ हजार दंड. आणि विकलेला साप त्या घरातल्या कुणाला चावून जीव गेला, तर विकणाऱ्यावर निष्काळजीपणानं मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा लागू शकतो, भारतीय न्याय संहितेचं कलम १०६. 'मी विकून मोकळा झालो' असं तिथं चालत नाही. शेतात सापडलेला नाग कुणाला विकणाऱ्यालाही हेच लागू आहे, कारण बेकायदा पकडलेला साप ही सरकारी मालमत्ता असते.

वनखात्याचे लोक आले तेव्हा साप भावाच्या शेडमध्ये होते. वन्यजीव कायद्याचं कलम ५७ असं की, ज्याच्या ताब्यात प्राणी सापडला त्याचा ताबा बेकायदा धरला जातो, तसं नाही हे त्यानं सिद्ध करायचं. विकणारा पसार आणि बरणी ज्याच्या हातात तो आरोपी. भाऊ हिंडलग्याच्या तुरुंगात राहून जामिनावर सुटला आहे. खटला चालू आहे.

कायद्यात एक वाट होती, ती आम्हाला तेव्हा कुणी सांगितली नाही. त्याच कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे असा प्राणी कोणत्याही मार्गानं तुमच्या ताब्यात आला, तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवायचं असतं. ज्यांच्याकडे आज बरणी पोचली असेल त्यांनी बाकी काही करू नये. १९२६ वर फोन लावावा. कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्हीकडे वनखात्याचा हाच नंबर आहे. साप स्वतः रानात सोडायला जाऊ नका.

पैशाचं म्हणाल, तर वकिलांनी स्टँपपेपर बाजूलाच ठेवला. बेकायदा गोष्टीचा करार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे मुळातच रद्द असतो, त्यावर वसुलीचा दावा उभा राहणं कठीण. उरतो तो फसवणुकीचा गुन्हा. तिथंही आम्हाला सीमेवरून टोलवलं. करार महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातल्या एका हॉटेलात झालेला, म्हणून इकडचे म्हणाले तिकडं जा. साप इकडे उतरले, म्हणून तिकडचे म्हणाले इकडं जा. हद्द कुठलीही असो, पहिली खबर (एफआयआर) कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं स्पष्ट आहे. वकिलांनी ते लेखी अर्जात घातलं आणि मग तक्रार घेतली गेली. पैसे मोबाइलवरून पाठवले असतील, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही कळवा. उशीर झाला की ती रक्कम खात्यात सापडत नाही.

तोच शोभेच्या माशांच्या दुकानाचा कागद दाखवून आणखी दोन घरांकडून पैसे उकळल्याचं आता कळलंय. त्यांनीही तक्रार दिली आहे. तुमच्याकडे तसा कागद असेल तर फाडू नका. कन्नड वाचणाऱ्या विश्वासातल्या माणसाकडून तो वाचून घ्या, फोन रेकॉर्डिंग आणि पैसे पाठवल्याच्या पावत्या जपून ठेवा आणि आपल्या ठाण्यात जाऊन द्या. एकाच माणसाविरुद्ध तक्रारी वाढल्या, तर त्याला शोधायला पोलिसांना भाग पडेल.