त्रिफळ्याचं पाणी की नेत्रतर्पण?

दिवसभर स्क्रीनपुढे बसून डोळे कोरडे पडले, चुरचुरायला लागले की घरात कुणीतरी त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धू म्हणतंच. हिरडा, बेहडा, आवळा, स्वस्त आणि सोपं, पण खरी अडचण गाळण्यात आहे, चहाच्या गाळणीतून बारीक चूर्ण खाली उतरतं आणि तेच डोळ्यात खुपतं, शिवाय रात्रभर भिजवलेलं ते पाणी निर्जंतुक नसतं त्यामुळे लेन्स वापरणाऱ्यांनी किंवा नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनी तर नकोच.

नेत्रतर्पणाचं काम वेगळं. वैद्य आडवं झोपवून डोळ्यांभोवती उडदाच्या पिठाची पाळी, म्हणजे गोल कडं, बांधतात, मग बंद डोळ्यांवर कोमट औषधी तूप ओततात आणि हळूहळू उघडझाप करायला सांगतात. नंतर थोडा वेळ धूसर दिसतं, म्हणून लगेच गाडी चालवायची नाही. वेळ आणि पैसे जास्त जातात, तरी कोरडेपणासाठी मला हेच जास्त पटतं, पण शिकलेल्या वैद्यांकडेच, घरच्या तुपाचे प्रयोग अजिबात नकोत.

मोतीबिंदू मात्र दोन्हींनी जात नाही, आणि डोळा लाल होऊन ठणकत असेल किंवा अचानक कमी दिसायला लागलं तर यातलं काहीच न करता आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.