बोट काढलेल्या पायासाठी तयार एमसीआर सँडल: कुणाला चालेल, कुणाला नाही

मधुमेहाने पाय बधिर झाला, एखादं बोट काढावं लागलं, म्हणून ‘डायबेटिक चप्पल’ मागितली की दुकानदार तळ अंगठ्याने दाबून दाखवतो, “बघा काका, लोणी आहे लोणी!” लोणी नकोच आहे. एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पावलांसाठी आपल्याकडे फार आधीपासून वापरलं जाणारं. चिमटीत धरा: साधारण निम्मं दबून लगेच उसळलं पाहिजे. बोटाला बोट लागलं किंवा खळगा तसाच राहिला, तर तो साधा फोम. थोड्याच दिवसांत टाचेखाली त्याचा पापड होतो.

मऊ थर 10 मिमीच्या आसपास आणि त्याखाली कडक तळ हवा. काटा आरपार आला तर बधिर पायाला पत्ता लागत नाही. सँडल उलटी करा; खिळे ठोकलेले दिसले तर तिथेच परत द्या. टाचेमागचा पट्टा हवाच. तो नसला की चप्पल सुटू नये म्हणून उरलेली बोटं आवळली जातात आणि टोकं घासतात. अंगठ्याच्या चपला बंद, कोल्हापुरीसुद्धा.

करंगळी किंवा मधलं एखादं बोट गेलं असेल आणि जखम पूर्ण भरली असेल, तर ही सँडल चांगली. रिकाम्या जागेकडे शेजारची बोटं कलतात, म्हणून आत मऊ फिलर, म्हणजे ती जागा भरणारा तुकडा, बसवून घ्या. तो व्रणावर दाबू नये आणि रोज धुऊन कोरडा करावा.

अंगठा गेला असेल तर मात्र तयार जोडावर पैसे घालू नका. पाऊल पुढे रेटायचं काम अंगठ्याचं. तो नसला की भार दुसऱ्या बोटाच्या मुळाशी जातो, तिथे घट्टा धरतो आणि घट्ट्याखाली जखम होते. त्याला ऑर्थोटिस्टने (पायाचे आधार बनवणाऱ्या तज्ज्ञाने) मापावर केलेला इनसोल, म्हणजे आतला तळ, आणि पुढून वर वळलेला कडक रॉकर तळच लागतो.

माप संध्याकाळी घ्या, पाय थोडे सुजलेले असतात. बधिर पायाच्या ‘बरी वाटते’ला अर्थ नाही. कागदावर उभं राहून पाऊल आखा, कापा, कागद सँडलमध्ये सरकवा. कड मुडपली तर सँडल अरुंद आहे. पहिल्या दिवशी अर्धा-एक तासच घाला, मग आरशात तळवा बघा. अर्ध्या तासातही लाली गेली नाही तर तो जोड घालू नका, पाय डॉक्टरांना दाखवा.

तक्रारी दोन. पावसाळ्यात वेल्क्रोत चिखल भरतो आणि पकड जाते. जुन्या टूथब्रशने निघतो. अस्तर रात्रभर ओलं राहतं, त्यामुळे दुसरा जोड लागतोच. तिसरा घरासाठी (हो, घरातसुद्धा अनवाणी नाही, आजी कितीही कुरकुरल्या तरी).

सहा महिन्यांनी टाच आणि चवड्याखाली पुन्हा चिमटी घ्या. रबर उसळत नसेल, तर पट्टे कितीही नवे दिसोत, जोड बदला.